स्पर्शावर चालणारे संरक्षण : टी पेशी कशा फिरतात, कुठे थांबतात आणि एकमेकींना काय कळवतात

रोगजंतूंपासून शरीराचे रक्षण रक्तात विरघळलेली प्रतिपिंडे करतात आणि पांढऱ्या पेशीही करतात, एवढे आपण शाळेत शिकलेले असतो. पण या दोहोंमधला एक मूलभूत फरक सांगायचा बहुधा राहून जातो. प्रतिपिंडे तयार करणारी पेशी अस्थिमज्जेत एका जागी बसून राहिली तरी चालते, कारण तिने सोडलेली प्रतिपिंडे रक्ताबरोबर वाहत जाऊन शरीराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या विषाणूला चिकटू शकतात. टी पेशी या पांढऱ्या पेशींपैकीच एक, पण तिला ही सोय नाही. तिला दुरून काहीच ओळखता येत नाही. दुसऱ्या पेशीच्या पटलाला आपले पटल प्रत्यक्ष भिडवल्याखेरीज तिला रोगजंतूची खूण सापडत नाही, आणि आजारी पेशीला मारायचे असले तरी तिला चिकटूनच मारावे लागते. म्हणून टी पेशी काय ओळखतात एवढे सांगून त्यांचे काम समजत नाही. त्या तिथवर पोहोचतात कशा, नेमक्या जागी थांबतात कशा आणि काम झाल्यावर सुटतात कशा, हेही पाहावे लागते. प्रतिकारशास्त्रातला हा भाग सर्वांत कमी समजावून सांगितला जातो असे मला वाटते, आणि गेल्या दोन-तीन दशकांत आलेल्या कितीतरी औषधांचे मूळ मात्र याच भागात आहे.

अडचण किती मोठी आहे ते आकड्यांवरून कळते. प्रौढ माणसाच्या शरीरात टी पेशींची संख्या काहीशे अब्जांच्या घरात असते. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर हजारो रिसेप्टर, म्हणजे ओळख पटवणारे रेणू असतात. एका पेशीवरचे हे सगळे रिसेप्टर एकाच घडणीचे असतात, पण शेजारच्या पेशीवरच्या रिसेप्टरची घडण निराळी असते. ही घडण छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत, जनुकांचे तुकडे यदृच्छेने जोडले जाऊन ठरते. (या ग्रंथीला काही महत्त्वाचे काम आहे हे १९६१ मध्ये लंडनमध्ये जाक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढून दाखवून दिले, तोवर ती निरुपयोगी अवशेष समजली जात असे.) कोणता रोगजंतू येईल हे आधी ठाऊक नसल्यामुळे शरीर सर्व प्रकारच्या घडणींचा साठा करून ठेवते, आणि त्याची किंमत अशी की कोणत्याही एका विषाणूचा एखादा विशिष्ट तुकडा ओळखणाऱ्या टी पेशी साधारणपणे एक लाख ते दहा लाखांत एक एवढ्याच असतात. उंदरांमध्ये प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा संपूर्ण शरीरात अशा पेशी २० ते २०० भरल्या. एवढ्या थोड्या, जेमतेम ७ मायक्रॉन व्यासाच्या पेशींनी बोटाला झालेल्या जखमेतला किंवा फुप्फुसाच्या कोपऱ्यातला रोगजंतू शोधायचा कसा?

शरीराने यावर काढलेला तोडगा आपल्या आठवडी बाजारासारखा आहे. विकणाऱ्याने गावोगाव हिंडायचे आणि घेणाऱ्यानेही गावोगाव हिंडायचे असे ठरवले तर दोघांची गाठ पडणे अवघड असते. म्हणून पंचक्रोशीतला माल आणि माणसे ठरलेल्या एका जागी येतात. माणसाच्या शरीरात अशा ५०० हून अधिक जागा आहेत आणि त्यांना आपण लसिका ग्रंथी म्हणतो. काखेत, जांघेत, मानेत आणि आतड्यांच्या आवरणात त्यांचे पुंजके असतात. आसपासच्या ऊतींतून निथळणारा द्रव, म्हणजे लसिका, आणि तिच्याबरोबर रोगजंतूंचे नमुने तिथे येतात, आणि टी पेशीही रक्तातून तिथेच येतात.

टी पेशी अशा फेऱ्या मारतात हे ऑक्सफर्डमध्ये जेम्स गोवन्स यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केले. त्यांनी प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांच्या छातीतल्या मुख्य लसिकावाहिनीत नळी बसवली आणि लसिका सतत बाहेर काढली, तेव्हा काही दिवसांतच तिच्यातून येणाऱ्या लिम्फोसाइट पेशींची (टी पेशी आणि त्यांच्या गोत्यातल्या पांढऱ्या पेशींची) संख्या कोसळली. त्याच पेशी रक्तात परत सोडल्या की पुन्हा लसिकेत येऊ लागल्या. म्हणजे रक्तातून लसिका ग्रंथीत, तिथून लसिकेत आणि लसिकेतून पुन्हा रक्तात असा हा अखंड प्रवास आहे. कोणत्याही क्षणी शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी सुमारे २ टक्केच रक्तात असतात. एचआयव्हीच्या रुग्णाचा ‘सीडी-४ काउंट’, म्हणजे सीडी-४ हा रेणू बाळगणाऱ्या मदतनीस टी पेशींची रक्तातली संख्या, पाहतो तेव्हा आपण या दोन टक्क्यांतला एक भाग मोजत असतो, ही गोष्ट तो आकडा वाचताना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

रक्त वेगाने वाहत असते, आणि त्या वेगातून नेमक्या ठिकाणी बाहेर पडणे हे पहिले कौशल्य. लसिका ग्रंथीत काही खास शिरा असतात, ज्यांच्या आतल्या भिंतीच्या पेशी नेहमीसारख्या चपट्या नसून उंच आणि फुगीर असतात. या भिंतीवर विशिष्ट शर्करायुक्त रेणू असतात आणि टी पेशीच्या पृष्ठभागावर एल-सिलेक्टिन नावाचे प्रथिन असते. दोहोंची पकड कमकुवत असते, क्षणात जुळते आणि क्षणात सुटते, त्यामुळे वाहत आलेली पेशी एकदम थांबत नाही तर भिंतीवरून घरंगळू लागते आणि तिचा वेग कमी होतो. वेग कमी झाल्यावरच तिला भिंतीवर चिकटलेल्या केमोकाइन नावाच्या छोट्या प्रथिनांचा संदेश मिळू शकतो. केमोकाइन सीसीएल-२१ आणि टी पेशीवरचा त्याचा रिसेप्टर सीसीआर-७ यांची गाठ पडली की पेशीच्या आत इशारा जातो आणि तिच्या पृष्ठभागावरचे इंटेग्रिन रेणू आपला आकार बदलून ताठ होतात. एलएफए-१ हे त्यांतले प्रमुख. ताठ झालेले एलएफए-१ भिंतीवरच्या आयकॅम-१ या रेणूला घट्ट धरते, पेशी थांबते आणि भिंतीतल्या पेशींमधून वाट काढून ग्रंथीत शिरते. घरंगळणे, इशारा आणि घट्ट पकड या तीन पायऱ्यांमधला प्रत्येक रेणू वेगवेगळ्या ऊतींत वेगळा असू शकतो, आणि अमुक पेशीने त्वचेत जायचे, तमुक पेशीने आतड्यात जायचे, हे त्या जोडण्यांवरून ठरते.

ग्रंथीच्या आत काय घडते हे मात्र २००२ पर्यंत कोणी जिवंतपणी पाहिलेले नव्हते. पातळ काप करून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या ऊतींत सगळे स्थिर दिसते, आणि त्या चित्रांवरून बराच काळ अशी समजूत राहिली की टी पेशी ग्रंथीत गेल्यावर आपापल्या जागी बसून असाव्यात किंवा रासायनिक खुणांमागून सरळ आपल्या लक्ष्याकडे जात असाव्यात. ही समजूत टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकाने बदलली. एकाच रेणूने प्रकाशाचे दोन कण एकाच वेळी शोषण्याची शक्यता मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये सैद्धांतिक पातळीवर मांडली होती. तिच्या आधारे कॉर्नेल विद्यापीठात विन्फ्रेड डेंक, जेम्स स्ट्रिकलर आणि वॅट वेब यांनी १९९० मध्ये असा सूक्ष्मदर्शक बनवला. ऊतींत खोलवर जाणारा अवरक्त प्रकाश अतिसूक्ष्म स्पंदांच्या रूपात सोडला की जिथे तो एकवटतो तेवढ्याच बिंदूपाशी चमक निर्माण होते आणि आजूबाजूची ऊती फारशी भाजत नाही. त्यामुळे पृष्ठभागाखाली काहीशे मायक्रॉन खोल चाललेल्या हालचाली तासन्‌तास टिपता येतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील मायकेल कॅहलन आणि इयान पार्कर यांच्या गटाने २००२ मध्ये उंदराच्या लसिका ग्रंथीतल्या टी पेशींचे चित्रण प्रसिद्ध केले. पेशी अविरत फिरत होत्या. त्यांचा सरासरी वेग मिनिटाला १० ते १२ मायक्रॉन भरला, म्हणजे दर मिनिटाला स्वतःच्या लांबीहून अधिक आणि तासाला अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त. त्या एका दिशेने एक-दोन मिनिटे जात, मग वळत, पुन्हा काही अंतर जात. एकूण मार्ग आखला तर त्यात ठरलेली दिशा सापडत नव्हती. पुढे असेही दिसले की ग्रंथीत तंतुमय पेशींचे एक जाळे पसरलेले असते आणि टी पेशी बहुतांशी त्याच जाळ्याला धरून सरकतात. टी पेशींना रोगजंतूंचे तुकडे दाखवणाऱ्या डेंड्रायटिक पेशीही त्याच जाळ्यावर पसरून बसलेल्या असतात, म्हणून यदृच्छेने फिरूनही भेटी वारंवार होतात. पेशीच्या पुढच्या टोकाला अॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे तंतू सतत वाढत असतात आणि पटल पुढे ढकलतात, मागचे टोक आकसते, आणि पेशी गर्दीतून अशी पुढे जाते. विस्कॉट-ऑल्ड्रिच या आनुवंशिक आजारात अॅक्टिनचे तंतू वाढवणारे एक प्रथिन सदोष असते, आणि अशा मुलांना इसब आणि रक्तस्राव यांच्याबरोबरच वारंवार जंतुसंसर्गही होतात. पेशींची हालचाल ही प्रतिकारशक्तीची गरज आहे याचा याहून स्पष्ट पुरावा मागण्याची गरज नसावी.

आता भेटीकडे येऊ. टी पेशी सुटा विषाणू ओळखत नाही, हे ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ मध्ये दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले. पेशीच्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे, म्हणजे पेप्टाइड, एमएचसी नावाच्या रेणूंच्या खोबणीत बसवून पृष्ठभागावर मांडले जातात, आणि टी पेशीचा रिसेप्टर तो तुकडा आणि तो धरणारा एमएचसी रेणू यांना एकत्रच वाचतो. मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या वेळी जे ‘एचएलए’ जुळवून पाहतात ते माणसातले एमएचसी रेणूच. हे तुकडे नव्या टी पेशींना दाखवण्याचे काम मुख्यतः डेंड्रायटिक पेशी करतात. रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन यांनी झॅनव्हिल कोन यांच्यासह १९७३ मध्ये त्या शोधल्या. त्वचेत किंवा फुप्फुसात बसलेली डेंड्रायटिक पेशी रोगजंतू गिळते, धोक्याची जाणीव झाल्यावर आपल्या पृष्ठभागावर सीसीआर-७ आणते आणि त्या बळावर लसिकेतून ग्रंथीत पोहोचते. टी पेशीला ग्रंथीत आणणारी आणि डेंड्रायटिक पेशीला ग्रंथीत आणणारी रासायनिक खूण एकच आहे, यात शरीराची मोठी काटकसर दिसते. उंदरातल्या चित्रणांवरून असा अंदाज बांधला गेला की एका डेंड्रायटिक पेशीला तासाभरात किमान ५०० टी पेशी स्पर्श करून जातात. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना तिथे आपल्या कामाचे काही सापडत नाही, आणि त्या तीन-चार मिनिटांत पुढे निघून जातात.

जिला सापडते ती थांबते. रिसेप्टरला आपला तुकडा मिळाला की काही सेकंदांत पेशीच्या आतली कॅल्शियमची पातळी वाढते आणि तिची चाल थंडावते. ही ओळख आश्चर्य वाटावे इतकी संवेदनशील आहे. स्टॅनफर्डमध्ये मार्क डेव्हिस यांच्या गटाने २००२ मध्ये एकेक तुकडा मोजण्याची पद्धत वापरून दाखवले की समोरच्या पेशीवर नेमका एक योग्य तुकडा असला तरी टी पेशीत क्षणिक प्रतिक्रिया दिसते आणि सुमारे १० तुकडे असले तर पूर्ण, टिकाऊ प्रतिक्रिया मिळते. आणि हे शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांच्या हजारो निरुपद्रवी तुकड्यांच्या गर्दीत घडते. शिवाय एका रिसेप्टरची एका तुकड्याशी जुळणी काही सेकंदच टिकते. मग एवढी अचूकता येते कुठून?

याचे बरेचसे उत्तर दोन पटलांमधल्या अंतरात आहे. टी पेशीचा रिसेप्टर आणि समोरचा एमएचसी रेणू एकमेकांना भिडतात तेव्हा दोन पेशींच्या पटलांत सुमारे १५ नॅनोमीटर अंतर उरते. टी पेशीवर सीडी-४५ नावाचा एक उंच रेणू मोठ्या संख्येने असतो आणि त्याचे काम रिसेप्टरमधून निघणारे इशारे पुसून टाकण्याचे असते. हा रेणू एवढ्या अरुंद फटीत मावत नाही, म्हणून जुळणी झालेल्या जागेतून तो बाजूला ढकलला जातो. तो बाजूला गेला की तेवढ्या बारीक जागेत इशारे पुसणारे कोणी उरत नाही आणि रिसेप्टरच्या आतल्या टोकावर फॉस्फेट चढून संदेश पुढे जातो. ऑक्सफर्डचे सायमन डेव्हिस आणि अँटन व्हॅन डर मर्व यांनी मांडलेले हे स्पष्टीकरण अनेक प्रयोगांत टिकले आहे. जुळणी अल्पायुषी असेल तर फट टिकत नाही, सीडी-४५ परत येतो आणि चुकीचा इशारा तिथेच विझतो. म्हणजे स्वतःचे आणि परके यांतला भेद करण्यात रेणूंच्या रासायनिक आकर्षणाइतकाच त्यांच्या उंचीचाही वाटा आहे, आणि मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

हा शोध घेताना टी पेशी आपले पटल सपाट ठेवत नाही. तिच्या पृष्ठभागावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात आणि समोरच्या पेशीच्या पृष्ठभागावर ती ते सारखे हलवत राहते, इतके की सुमारे मिनिटभरात संपर्कातला जवळजवळ सगळा भाग चाचपून होतो.

ओळख पक्की झाली की दोन पेशींमध्ये काही मायक्रॉन रुंदीची एक सुसंघटित संपर्कजागा तयार होते. तिला इम्यून सिनॅप्स म्हणतात. अमेरिकेत एव्हराम कुप्फर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात तिची त्रिमितीय चित्रे प्रथम दाखवली आणि १९९८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. चित्रात मधोमध टी पेशीचे रिसेप्टर एकवटलेले होते आणि त्यांच्याभोवती एलएफए-१ चे कडे होते. पाठोपाठ १९९९ मध्ये सेंट लुईस येथील मायकेल डस्टिन, पॉल अॅलन आणि आंद्रे शॉ यांच्या गटाने समोरच्या पेशीऐवजी काचेवर मेदरेणूंचा पातळ थर पसरून, त्यात फक्त एमएचसी आणि आयकॅम-१ हे रेणू ठेवून ही रचना घडताना पाहिली: आधी रिसेप्टर कडेला जुळतात आणि मग काही मिनिटांत मध्याकडे सरकत जातात. सुरुवातीला साहजिकच वाटले की मध्यावरचा दाट पुंजका म्हणजे इशाऱ्यांचे केंद्र असणार. तसे निघाले नाही. पुढच्या काही वर्षांत, विशेषतः २००५ आणि २००६ मधल्या प्रयोगांत, असे दिसले की इशारे मुख्यतः कडेला सतत नव्याने तयार होणाऱ्या रिसेप्टरच्या बारीक पुंजक्यांतून निघतात, आणि मध्यावर पोहोचलेले रिसेप्टर आपले काम आटोपून आत ओढले जाण्याच्या किंवा बाहेर टाकले जाण्याच्या मार्गावर असतात. पाठ्यपुस्तकांतल्या स्थिर आकृतीवरून ही गोष्ट कधीच कळली नसती.

संपर्क टिकणे आणि त्याचा अर्थ लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टी पेशीला रिसेप्टरमधून मिळालेला इशारा एकटा असला तर ती कामाला लागत नाही, उलट निष्क्रिय होऊ शकते. डेंड्रायटिक पेशीने रोगजंतूचा धोका खरोखर अनुभवला असेल तर तिच्या पृष्ठभागावर बी-७ रेणू वाढलेले असतात आणि टी पेशीवरचा सीडी-२८ त्यांना धरतो. हा दुसरा इशारा मिळाल्यावरच टी पेशी इंटरल्यूकिन-२ हे वाढीचे प्रथिन बनवून विभाजनाकडे वळते. उलरिक फॉन आंद्रियान यांच्या बोस्टनमधल्या गटाने २००४ मध्ये उंदराच्या जिवंत लसिका ग्रंथीत हा सगळा घटनाक्रम टिपला. सीडी-८ टी पेशी (पुढे मारक बनणाऱ्या) पहिले सुमारे ८ तास डेंड्रायटिक पेशींशी काही मिनिटांच्या तुटक भेटी घेत राहतात आणि इशारे साठवतात; पुढचे सुमारे १२ तास एकेका पेशीला तासाहून अधिक काळ चिकटून बसतात; दुसऱ्या दिवशी पकड सोडून पुन्हा वेगाने फिरू लागतात आणि विभागू लागतात. काही दिवसांत एकीच्या हजारो होतात.

पेशींचा परस्परांशी संवादही बहुतेक असाच जवळून, अगदी अंगाला अंग लावून चालतो. डेंड्रायटिक पेशीला चिकटलेली सीडी-४ टी पेशी आपल्या पृष्ठभागावर सीडी-४० लिगँड हा रेणू आणते, तो समोरच्या सीडी-४० ला भिडतो आणि डेंड्रायटिक पेशीची तुकडे दाखवण्याची क्षमता वाढते. ही जोडी जमलेली असताना तिथून काही केमोकाइन बाहेर पडतात आणि जवळून जाणाऱ्या सीडी-८ पेशी तिकडे वळतात, म्हणून एरवी केवळ योगायोगावर अवलंबून असलेली भेट पुष्कळ सोपी होते. सीडी-४ पेशींपैकी काही ग्रंथीत, प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींच्या वस्तीच्या सीमेवर जातात आणि तिथे तोच सीडी-४० लिगँड बी पेशींना लावतात. ज्या मुलांमध्ये हा रेणू जन्मतः सदोष असतो त्यांच्या बी पेशी आयजीएम या प्राथमिक प्रतिपिंडावरच अडकून राहतात, आयजीजी किंवा आयजीए नीट बनवू शकत नाहीत आणि गंभीर संसर्गांना बळी पडतात. लसीमुळे तयार होणाऱ्या टिकाऊ प्रतिपिंडांच्या मागेही टी पेशी आणि बी पेशी यांची ही प्रत्यक्ष भेट असते. सायटोकाइन ही संदेशवाहक प्रथिने टी पेशी सोडते तेव्हाही त्यांतली काही, उदाहरणार्थ इंटरफेरॉन-गॅमा, ती मुख्यतः सिनॅप्सच्या बाजूनेच सोडते, तर टीएनएफसारखी काही चहूकडे सोडते. कोणते बोलणे एकीशीच आणि कोणते साऱ्या परिसराशी, याचा निवाडा पेशीच्या आतल्या वाहतुकीतच झालेला असतो.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे घरोघरी माहीत असते. त्यामागे हाच सगळा व्यवहार आहे. संसर्गाची खबर येताच ग्रंथीकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो, आत येणाऱ्या पेशी वाढतात आणि त्याच वेळी बाहेर पडण्याची वाट तात्पुरती बंद होते. बाहेर पडण्यासाठी टी पेशी स्फिंगोसिन-१-फॉस्फेट या मेदरेणूचा माग काढते. हा रेणू रक्तात आणि लसिकेत भरपूर असतो आणि ग्रंथीच्या गाभ्यात अगदी कमी असतो. धोक्याच्या इशाऱ्याने टी पेशीवर सीडी-६९ येतो आणि तो या मेदरेणूचा रिसेप्टर पृष्ठभागावरून काढून घेतो, म्हणून पेशी अडकून राहते आणि शोध पूर्ण व्हायला वेळ मिळतो. याच ज्ञानाच्या दुसऱ्या बाजूने फिंगोलिमॉड हे औषध समजते. एका बुरशीतल्या मायरिओसिन या द्रव्यावरून जपानमध्ये तयार झालेले हे औषध टी पेशींवरचा तोच रिसेप्टर नाहीसा करते आणि त्यांना ग्रंथीत कोंडून ठेवते. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात टी पेशी मेंदूतल्या चेतातंतूंच्या आवरणावर हल्ला करतात. त्या ग्रंथीतून निघाल्याच नाहीत तर हल्ला होत नाही, आणि या आधारावर अमेरिकेत सप्टेंबर २०१० मध्ये या औषधाला परवानगी मिळाली. त्याच आजारावरचे नटालिझुमॅब टी पेशींचे इंटेग्रिन झाकून त्यांना मेंदूच्या रक्तवाहिन्यांना चिकटू देत नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये परवानगी मिळालेले हे औषध तीन महिन्यांतच मागे घ्यावे लागले, कारण काही रुग्णांत एरवी सुप्त असणाऱ्या जेसी विषाणूने मेंदूत घातक संसर्ग केला. कडक अटींसह ते २००६ मध्ये परतले. मेंदूत टी पेशींची वर्दळ रोजच्या पहाऱ्यासाठी किती आवश्यक आहे हे त्या रुग्णांच्या दुर्दैवाने जगाला कळले.

ऊतींमधल्या या हालचालीचा वेग आपल्याकडे लाखो लोकांनी स्वतःच्या हातावर पाहिलेला आहे. क्षयाच्या तपासणीसाठी माँटू चाचणीत क्षयजंतूंच्या प्रथिनांचे ०.१ मिलिलिटर द्रावण हाताच्या त्वचेत टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी परत बोलावतात. प्रतिपिंडांमुळे येणारी ॲलर्जी काही मिनिटांत फुगते. इथे दोन-तीन दिवस लागतात, कारण आधीच्या संसर्गाची आठवण ठेवून रक्तात फिरणाऱ्या स्मृतिपेशींनी त्या जागी पोहोचायचे, तिथल्या पेशींवर तुकडे ओळखायचे, सायटोकाइन सोडायचे आणि त्यांच्या हाकेवर इतर पेशींनी जमायचे असते. म्हणून डॉक्टर लालीऐवजी बोटाला लागणारा टणकपणा मोजतात. तो टणकपणा म्हणजे तिथे दाटलेल्या पेशी आणि त्यांच्यामुळे साचलेला फायब्रिन. बीसीजी लस घेतलेल्या माणसातही ही चाचणी सकारात्मक येऊ शकते, कारण स्मृतिपेशी लशीमुळेही तयार होतात. काही स्मृतिपेशी मात्र रक्तात फिरतच नाहीत. एकदा संसर्ग झालेल्या त्वचेत, आतड्यात किंवा फुप्फुसात त्या कायमच्या मुक्काम करतात आणि पुढच्या वेळी पहिल्या काही तासांतच कामाला लागतात.

मारक टी पेशी आजारी पेशीला मारते तेव्हा सिनॅप्सचे महत्त्व सर्वांत ठळकपणे दिसते. केंब्रिजच्या जिलियन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की मारक पेशीच्या आतला सेंट्रोसोम (आतल्या वाहतुकीच्या तंतूंचे केंद्र) सरकत येऊन सिनॅप्सच्या पटलाला टेकतो आणि विषारी प्रथिनांनी भरलेल्या पुटिका, म्हणजे सूक्ष्म पिशव्या, त्याच्या मागोमाग येऊन नेमक्या त्या जागी रिकाम्या होतात. पर्फोरिन समोरच्या पेशीच्या पटलाला छिद्रे पाडते, त्यांतून ग्रान्झाइम ही प्रथिने कापणारी विकरे आत जातात आणि ती पेशी स्वतःच्याच आत्मनाशाच्या यंत्रणेने मरते. शेजारच्या निरोगी पेशींना धक्का लागत नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत हे काही मिनिटांत होते. जिवंत उंदरात मात्र २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार एक मारक पेशी दिवसाला विषाणूबाधित अशा २ ते १६ पेशीच मारते, आणि अनेक मारक पेशींनी एकाच पेशीला आळीपाळीने स्पर्श केला तर ती मरण्याची शक्यता वाढते. काम झाल्यावर सुटणेही तेवढेच आवश्यक असते. पर्फोरिनच्या जनुकात दोष असलेल्या बालकांत मारक पेशी लक्ष्याला मारू शकत नाही, तिची पकड नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकते, आणि त्या लांबलेल्या संपर्कात ती सायटोकाइन ओततच राहते. त्यातून तीव्र ताप, प्लीहा आणि यकृताची वाढ आणि रक्तपेशींचा नाश असा प्राणघातक आजार उद्‌भवतो. या आजाराचा पर्फोरिनशी असलेला संबंध १९९९ मध्ये उघड झाला.

संपर्क कसा घडतो हे कळले की तो मुद्दाम घडवताही येतो. कार-टी उपचारात रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशी बाहेर काढून त्यांत कृत्रिम रिसेप्टरचे जनुक घालतात आणि त्या परत शरीरात सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी आयआयटी मुंबईत राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. बी पेशींच्या रक्तकर्करोगांत कर्कपेशींवर सीडी-१९ हा रेणू असतो आणि कृत्रिम रिसेप्टर त्यालाच धरतो, त्यामुळे एमएचसीची गरज उरत नाही. मात्र या कृत्रिम रिसेप्टरने तयार होणाऱ्या सिनॅप्समध्ये नैसर्गिक कड्याची नीटस रचना दिसत नाही, आणि नैसर्गिक रिसेप्टरला मूठभर तुकडे पुरतात तिथे याला समोरच्या पेशीवर पुष्कळ जास्त रेणू लागतात. म्हणूनच कर्कपेशींवरचा सीडी-१९ कमी झाला किंवा नाहीसा झाला की काही रुग्णांत आजार उलटतो.

घट्ट गाठीच्या कर्करोगांत तर अडचण स्पर्शाच्या आधीच सुरू होते. स्तन, स्वादुपिंड किंवा फुप्फुस यांच्या गाठींभोवती तंतुमय ऊतींचा दाट थर असतो, आतल्या रक्तवाहिन्यांवर टी पेशींना धरणारे रेणू कमी असतात, आणि कित्येक गाठींत टी पेशी कडेला जमून आत शिरू न शकता राहतात. गाठ जे केमोकाइन सोडते ते ओळखणारा रिसेप्टर कार-टी पेशींना जोडून द्यायचा, म्हणजे त्या स्वतःच आतवर चालत जातील, असे प्रयोग सध्या अनेक प्रयोगशाळांत आणि काही रुग्णचाचण्यांत चालू आहेत.